कोरसोला : पोवळे, प्रवाळ आणि भूत

२००२ साली केंब्रिज विद्यापीठातील अँड्र्यू बामफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील प्राथमिक शाळेतल्या १०९ मुलांची एक अगदी साधी चाचणी घेतली. काही पत्त्यांवर आसपास आढळणाऱ्या वनस्पती-प्राण्यांची चित्रे होती, तर काहींवर पोकेमॉन या खेळातल्या काल्पनिक प्राण्यांची. चित्र पाहून नाव सांगायचे, एवढेच. चार वर्षांच्या मुलांना खरे प्राणी अधिक ओळखता आले. आठ वर्षांच्या मुलांनी मात्र पोकेमॉनची जवळजवळ ऐंशी टक्के नावे अचूक सांगितली आणि खऱ्या सजीवांची जेमतेम निम्मी. 'सायन्स' या नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले तेव्हा बहुतेकांनी त्यांचा अर्थ 'मुले बिघडली' असा लावला. संशोधकांचा रोख वेगळा होता. मुलांची नावे, लकबी, सवयी लक्षात ठेवण्याची शक्ती अफाट आहे, निसर्गाविषयी आस्था असणाऱ्यांना तिचा उपयोग करून घेता आलेला नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

आपल्याकडे ही चाचणी घेतली तर काय होईल, याचा अंदाज अंधेरी-बोरिवलीच्या कोणत्याही शिक्षकाला बांधता येईल. पोकेमॉनची चित्रमालिका आपल्या दूरचित्रवाणीवर आली त्याला दोन दशके उलटून गेली. तेव्हा ती पाहणारी मुले आज स्वतः पालक किंवा शिक्षक आहेत. तरीही शिक्षक-खोलीत या खेळाचा विषय निघाला की 'वेळेचा अपव्यय' या दोन शब्दांत तो संपतो. मला वाटते, एखाद्या पाठ्यपुस्तकातला उतारा आपण जितक्या बारकाईने तपासतो, तितक्याच बारकाईने या खेळातला एखादा प्राणी तपासायला हवा. मुले तो उतारा परीक्षेपुरता वाचतात, हा प्राणी मात्र वर्षानुवर्षे जवळ बाळगतात. या लेखासाठी निवडला आहे तो कोरसोला. गुलाबी रंगाचा, डोक्यावर फांद्या असलेला, समुद्रात राहणारा. त्याचे मूळ उघड आहे : प्रवाळ.

पोकेमॉनचा जनक सातोशी ताजिरी हा टोकियोच्या माचिदा या उपनगरात वाढला. लहानपणी त्याला कीटक गोळा करण्याचा नाद होता. पुढे उपनगर वाढले, शेते आणि तळी बुजली, कीटक दिसेनासे झाले. शहरातल्या मुलांना प्राणी शोधण्याचा आनंद मिळावा म्हणून त्याने हा खेळ रचला आणि १९९६ मध्ये तो जपानमध्ये बाजारात आला. मुलुंड, घाटकोपर किंवा बोरिवलीत ज्यांनी विहिरी आणि तळी बुजताना पाहिली आहेत, त्यांना ही हकिगत परकी वाटू नये. खेळाची रीत अशी : निरनिराळ्या परिसरांत हिंडायचे, प्राणी पकडायचे, आणि प्रत्येकाची माहिती एका कोशात जमा करत जायची. म्हणजे मुळात ही निसर्ग-अभ्यासकाची टिपणवहीच आहे. कोरसोला या वहीत १९९९ मध्ये, खेळाच्या दुसऱ्या पिढीत दाखल झाला. त्याचा क्रमांक २२२, उंची ६० सेंटीमीटर, वजन ५ किलो.

डिसेंबर २०१६ मध्ये 'पोकेमॉन गो' हा भ्रमणध्वनीवरचा खेळ भारतात अधिकृतपणे सुरू झाला आणि हा शोध पडद्यातून रस्त्यावर आला. या खेळात काही प्राणी जगाच्या ठरावीक भागांतच सापडतात. कोरसोला त्यांपैकी एक आहे. तो विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या उष्ण पट्ट्यात, आणि तेथेही समुद्रकिनाऱ्याजवळच मिळतो. लंडनच्या मुलाला आपल्या गावात तो दुर्मिळ, खुद्द टोकियोच्या मुलालाही दुर्मिळ, नागपूरच्या मुलालाही नाहीच. पण मुंबईच्या किनाऱ्यावर हिंडणारा मुलगा त्या पट्ट्यात येतो. खेळ रचणाऱ्यांनी येथे नकळत भूगोलाचा एक चांगला धडा घालून ठेवला आहे : प्रत्येक प्राणी सगळीकडे नसतो, त्याला त्याचा पट्टा असतो. हा पट्टा खऱ्या प्रवाळभित्तींच्या पट्ट्याशी बऱ्यापैकी जुळतोही.

आणखीही काही गोष्टी या प्राण्यात बरोबर उतरल्या आहेत आणि त्या मोकळेपणाने मान्य केल्या पाहिजेत. खेळात प्रत्येक प्राण्याला एक किंवा दोन प्रकार दिलेले असतात. कोरसोलाचे प्रकार दोन : पाणी आणि खडक. सजीव आणि खडक हे दोन शब्द एकत्र आणायला वर्गात आपल्याला किती खटाटोप करावा लागतो! प्रवाळ समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन चुनखडीचा सांगाडा बनवतो, आणि हजारो वर्षांत त्या सांगाड्यांची बेटे होतात. लक्षद्वीप अशाच बेटांचे आहे. खेळाच्या कोशात कोरसोलांच्या समूहावर माणसांची वस्ती असलेल्या एका दक्षिणेकडील देशाचा उल्लेख येतो, त्यामागे हीच कल्पना आहे. कोरसोलांच्या फांद्यांत लहान प्राणी लपतात, असेही कोश सांगतो. हेही खरे आहे. समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी भागावर पसरलेल्या प्रवाळभित्ती सागरी माशांच्या सुमारे पाव जातींना आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यात आसरा देतात.

सर्वांत चांगली जमली आहे ती शत्रूची योजना. २०१६ च्या 'सन' आणि 'मून' या आवृत्त्यांत मरीनी नावाचा एक काटेरी प्राणी आला. तो कोरसोलाच्या फांद्या खातो. खेळात तो एरवी सहजी भेटत नाही. कोरसोलाशी गाठ पडली, त्याने मदतीसाठी हाक मारली, तर मदतीला येणाऱ्या भाऊबंदांऐवजी कधीकधी हा मरीनीच धावून येतो! भक्ष्य असेल तेथेच भक्षक असणार, हे तत्त्व इतक्या थोडक्यात आणि इतक्या खट्याळपणे मांडलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाही. मरीनीचे मूळ म्हणजे काटेरी मुकुट धारण करणारा तारामासा. अनेक हातांचा, विषारी काट्यांचा हा तारामासा प्रवाळावर बसतो, आपले जठर तोंडातून बाहेर काढतो आणि प्रवाळाचा जिवंत थर जागच्या जागी पचवतो. तो निघून गेला की मागे पांढरा सांगाडा उरतो. भारतीय समुद्रातही, लक्षद्वीपच्या परिसरात, तो आढळतो.

येथवर खेळाला चांगले गुण द्यावेत. आता चुका.

पहिली चूक बाह्यरूपाची आहे. ती क्षम्य आहे, पण वर्गात सांगून टाकायला हवी. कोरसोलाला दोन डोळे, एक तोंड आणि चालायला पाय आहेत. पाणी थंड झाले की तो दक्षिणेकडे स्थलांतरही करतो. खरा प्रवाळ म्हणजे एक प्राणी नव्हे, ती वसाहत असते. तिच्यात पॉलिप नावाचे शेकडो-हजारो इवले प्राणी असतात. प्रत्येक जण एका पिशवीसारखा, वरच्या टोकाला तोंड, तोंडाभोवती दंशपेशी असलेल्या शुंडकांचे कडे. आपल्या जुन्या पुस्तकांत ज्याला सिलेंटराटा आणि नव्या पुस्तकांत निडारिया म्हणतात, त्या संघातले हे प्राणी, म्हणजे जलव्यालाचे आणि जेलीफिशचे नातलग. वसाहत एकदा खडकाला चिकटली की चिकटली. अंड्यातून निघालेली सूक्ष्म अळी तेवढी पोहते, तिला जागा सापडेपर्यंत. पाणी तापले म्हणून उठून दुसरीकडे जाण्याची सोय प्रवाळाला नाही. पुढे जे सांगायचे आहे त्याचा पाया हाच आहे, म्हणून स्थलांतर करणारा कोरसोला मला डोळे असलेल्या कोरसोलापेक्षा जास्त खटकतो.

दुसरी चूक वेगाची. कोशाप्रमाणे कोरसोलाची फांदी तुटली तर ती एका रात्रीत परत उगवते. खऱ्या प्रवाळात गोल, भरीव जाती वर्षाला काही मिलिमीटर ते फार तर एक-दोन सेंटीमीटर वाढतात. फांद्यांच्या जाती जलद, पण त्यांचीही मजल वर्षाला साधारण दहा-पंधरा सेंटीमीटरपर्यंतच. गलबताच्या नांगराने तुटलेली हातभर उंचीची वसाहत पूर्ववत व्हायला कित्येक वर्षे, भरीव असेल तर दशके लागतात. 'एका रात्रीत' या शब्दांनी तुटण्यातले सगळे गांभीर्यच निघून जाते.

तिसरी गफलत अधिक मजेदार आहे, आणि ती मराठी वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा चटकन कळेल. कोरसोला गुलाबी आहे. त्याच्या डोक्यावरची फांदी लोक मौल्यवान ठेवा म्हणून जपतात, सुखरूप बाळंतपणासाठी तिचा ताईत करतात, असे कोश सांगतो. म्हणजे हे आपले पोवळे झाले! सोनाराकडे मंगळाचा खडा म्हणून जे मिळते, ते लाल-गुलाबी पोवळे ज्या प्राण्यापासून येते तो भूमध्य समुद्रात आणि जपानच्या आसपास अंधाऱ्या, खोल जागी वाढतो. त्याच्या पॉलिपांना आठ शुंडके असतात. प्रवाळभित्ती बांधणारे पॉलिप त्याहून निराळ्या कुळातले, त्यांच्या शुंडकांची संख्या सहाच्या पटीत असते. दागिन्याचे पोवळे भित्ती बांधत नाही, आणि त्याच्या पेशींत शैवालही राहत नाही. मराठीत 'पोवळे' हा शब्द 'प्रवाळ' या संस्कृत शब्दापासूनच आला असल्याने आपणही दोन्हींना एकच समजतो. खेळ रचणाऱ्यांनी तेच केले : शरीर घेतले पोवळ्याचे आणि चरित्र लिहिले भित्तीच्या प्रवाळाचे. वीस वर्षांनी जेव्हा त्यांना कोरसोलाला आजारी पाडायचे होते, तेव्हा ही गफलत महागात पडली.

ती गोष्ट २०१९ च्या 'सोर्ड' आणि 'शील्ड' या आवृत्त्यांची. त्यांत गॅलार नावाचा प्रदेश आहे, त्याचे नकाशे, गावे, हवामान सारे ब्रिटनवरून बेतलेले. तेथे कोरसोलाचे एक स्थानिक रूप भेटते. (एक प्रदेश, एक रूप ही कल्पना जीवशास्त्राला धरून आहे. याउलट खेळात ज्याला 'उत्क्रांती' म्हणतात ते निव्वळ रूपांतर असते, सुरवंटाचे फुलपाखरू व्हावे तसे. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत उत्क्रांतीविषयी जो गोंधळ दिसतो त्याला हा शब्दप्रयोग थोडासा तरी जबाबदार असावा.) हा गॅलारचा कोरसोला पांढराफटक आहे. चेहरा उदास. त्याचा प्रकार पाणी नाही, खडक नाही : भूत. वजन पाच किलोवरून अर्ध्या किलोवर आलेले. कोशातली नोंद सांगते की प्राचीन काळी हवामान अचानक बदलले आणि कोरसोलाची ही जात नष्ट झाली. एके काळी जेथे समुद्र होता तेथे हिंडताना दगड समजून त्याला लाथ मारू नका, तो शाप देईल, असा इशाराही आहे. पुढे त्याचा कर्सोला होतो, नावातच शाप असलेला, तडकलेल्या कवचातून बाहेर पडलेला आत्मा.

मुलांच्या खेळात हवामानबदलाचे नाव घेऊन एका गोंडस प्राण्याला मारून टाकणे हे धाडसाचे काम होते. अनेकांनी त्याचे कौतुक केले, आणि तेही काही प्रमाणात योग्यच आहे. ब्रिटनच्या भूमीची निवडही अभ्यासपूर्वक केलेली दिसते. इंग्लंडच्या पश्चिमेला वेनलॉक येथे सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीचा चुनखडक आहे. तेव्हा तेथे उथळ, उष्ण समुद्र होता, आणि त्या खडकात प्रवाळांचे जीवाश्म भरलेले आहेत. ज्या गटांचे ते प्रवाळ होते ते गट सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन कालखंडाच्या अखेरीस, पृथ्वीवरून नाहीसे झाले. त्या महाविनाशामागे सैबेरियातील प्रचंड ज्वालामुखी उद्रेक, त्यातून आलेला कार्बन डायऑक्साइड आणि तापलेले समुद्र होते, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. तेव्हा 'हवामान बदलून नष्ट झालेली प्राचीन जात' हे वाक्य अक्षरशः बरोबर आहे.

पण मग हा प्राणी पांढरा का? वेनलॉकचे जीवाश्म करड्या-तपकिरी दगडांसारखे दिसतात. पांढरा रंग आला आहे तो आजच्या प्रवाळांच्या छायाचित्रांवरून. ज्याला आपण प्रवाळांचे विरंजन म्हणतो त्यावरून. आणि येथे खेळाने प्राचीन मृत्यू आणि आजचा आजार यांची गाठ मारून टाकली आहे. माझा मुख्य आक्षेप या गाठीवर आहे.

विरंजन म्हणजे काय ते नीट पाहू. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळाच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहते. शैवाल प्रकाशसंश्लेषण करून साखर बनवते आणि तिचा मोठा वाटा पॉलिपला देते. पॉलिपच्या ऊर्जेची नव्वद टक्क्यांपर्यंतची गरज त्यातून भागू शकते. बदल्यात पॉलिप शैवालाला निवारा, कार्बन डायऑक्साइड आणि नत्रयुक्त टाकाऊ द्रव्ये देतो. प्रवाळाचा तपकिरी, हिरवट रंग बराचसा या भाडेकरूचा असतो. आता पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाहून अवघ्या एखाद्या अंशाने जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते. ऑक्सिजनची घातक रूपे तयार होऊ लागतात आणि पॉलिप शैवालाला बाहेर टाकतो. उरतो तो जवळजवळ पारदर्शक पॉलिप, त्यातून खालचा चुनखडीचा सांगाडा पांढरा दिसू लागतो. 'विरंजन' हा शब्द आपण विरंजक चूर्णावरून घेतला, पण येथे रंग धुऊन निघालेला नसतो. रंगाचा मालक घर सोडून गेलेला असतो.

आणि पॉलिप मेलेला नसतो. हे वाक्य मी फळ्यावर लिहीन. पांढरा पडलेला प्रवाळ जिवंत असतो, फक्त उपाशी असतो. शुंडकांनी तो अजूनही सूक्ष्म जीव पकडू शकतो, साठवलेल्या चरबीवर काही आठवडे काढू शकतो. तेवढ्यात पाणी निवले तर शैवाल परत वाढते, रंग परत येतो. निवले नाही तर पॉलिप मरतो, आणि सांगाड्यावर दुसरेच, गवतासारखे शैवाल चढते. मेलेला प्रवाळ फार दिवस पांढरा राहतच नाही, तो मळकट हिरवा-तपकिरी होतो. म्हणजे शुभ्र पांढरा रंग हा मृत्यूचा रंग नाही, तो मुदतीचा रंग आहे.

खेळाने या मुदतीलाच भूत केले. गॅलारचा कोरसोला बरा होऊ शकत नाही, त्याच्यापुढे फक्त कर्सोला होण्याचा रस्ता आहे. या नोंदींत शैवाल कुठेही येत नाही. भागीदारीच नसल्यामुळे भागीदारी मोडण्याची गोष्ट सांगता येत नाही, आणि मग उरते भुताची गोष्ट. पोवळ्याचे शरीर घेतल्याचा परिणाम तो हा. जे मेले आहे आणि तेही प्राचीन काळी, त्याबद्दल कोणी काय करणार? हळहळणार आणि पुढे जाणार. प्रत्यक्षात १९९८ मध्ये लक्षद्वीप, अंदमान आणि मन्नारच्या आखातातील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, २०१० आणि २०१६ मध्ये पुन्हा तेच झाले, आणि एप्रिल २०२४ मध्ये जगभरात चौथे मोठे विरंजन चालू असल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. या प्रत्येक वेळी काही वसाहती मेल्या आणि काही सावरल्या. दोन उन्हाळ्यांमध्ये किती अंतर मिळते यावर सावरणे अवलंबून आहे, आणि ते अंतर किती उरेल हे आपण हवेत किती कार्बन डायऑक्साइड सोडतो यावर. प्राचीन शापाची गोष्ट ही साखळी झाकून टाकते.

आता घराजवळ येऊ. खेळातला कोरसोला स्वच्छ, निळ्या, सूर्यप्रकाशाने उजळलेल्या दक्षिण समुद्रात राहतो. आपले भूगोलाचे पुस्तकही काही निराळे सांगत नाही : प्रवाळाला उष्ण, उथळ, नितळ पाणी हवे, गाळ नको. परीक्षेत हे उत्तर लिहून आपण सगळे उत्तीर्ण झालो. हा नियम प्रवाळभित्तीचा आहे, प्रवाळाचा नव्हे. भित्ती उभी राहायला नितळ पाणी लागते. एकेकट्या वसाहती मात्र बऱ्याच गढूळ पाण्यातही तग धरतात. कच्छच्या आखातातले प्रवाळ गाळातच जगतात. आणि मुंबईच्या किनाऱ्यावरही प्रवाळ आहेत. हाजीअलीला, वरळीला, मरीन ड्राइव्हला, ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकांवर. तळहातात मावतील एवढ्या, खडकाला पापुद्र्यासारख्या चिकटलेल्या वसाहती. गुलाबी नाहीत, फांद्या नाहीत. शेजारून जाणाऱ्याला तो खडकावरचा डाग वाटावा.

शहराला त्यांची ओळख झाली ती संकटामुळे. किनारी रस्त्याचे काम निघाले तेव्हा, २०१७ पासून ओहोटीच्या वेळी किनाऱ्यांवर फिरून नोंदी करणाऱ्या 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमातील मंडळींनी आणि इतर अभ्यासकांनी या वसाहतींकडे लक्ष वेधले. प्रकरण न्यायालयात गेले. शेवटी २०२० च्या अखेरीस, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने, वरळी आणि हाजीअली येथील १८ वसाहती खडकासकट काढून मुंबईच्याच किनाऱ्यावर दुसरीकडे बसवण्यात आल्या. त्यांतल्या बहुसंख्य जगल्याचे सांगण्यात आले. काम कौशल्याचे होते यात शंका नाही. पण १८ वसाहतींच्या स्थलांतराची बातमी वाचताना मला स्थलांतर करणारा कोरसोला आठवतो. प्रवाळ हलवता येतो ही गोष्ट एकदा सोपी वाटू लागली की रस्ता हलवण्याचा विचार कोणी करत नाही. आणि वसाहत म्हणजे तिचा खडक, त्यावरचे शिंपले, खेकडे, तिच्यावरून जाणारा भरतीचा प्रवाह हे सारे मिळून असते. छिन्नीने त्यातले एवढेसेच उचलता येते.

कायद्याच्या दृष्टीने हे प्रवाळ वाघाच्या पंक्तीत बसतात. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांसह अनेक प्रवाळगट २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तुकडा तोडणे, उचलून नेणे, विकणे हा गुन्हा आहे. आता खेळाचे मूळ क्रियापद आठवा : पकडणे. सगळे पकडणे. ताजिरीच्या बालपणी कीटक पकडून डबीत ठेवणे हाच निसर्ग-अभ्यास होता, आणि आपल्या शाळांच्या प्रयोगशाळांतही काचेच्या कपाटात जुना, धूळ बसलेला प्रवाळाचा पांढरा तुकडा त्याच काळाची खूण म्हणून असतो. पोकेमॉनमध्ये पकडल्याखेरीज प्राण्याची पूर्ण माहिती कोशात उमटत नाही. प्रवाळाबाबत ही रीत उलटी करावी लागते.

कपाटातला तो तुकडा मात्र वर्गात जरूर काढावा. मुलांना भिंगातून त्यावरच्या बारीक वाट्या पाहू द्याव्यात, एकेक वाटी एकेका पॉलिपचे घर. एका चौरस सेंटीमीटरमध्ये किती घरे आहेत ते मोजून संपूर्ण तुकड्याची लोकसंख्या काढू द्यावी. मग कोरसोलाचे गणित घालावे : गुलाबी असताना ५ किलो, भूत झाल्यावर अर्धा किलो. प्रवाळाचा जिवंत थर सांगाड्यावर जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा असतो. मग तो मेला तर वजन दहापट घटेल का? गेलेले साडेचार किलो कशाचे होते? सातवी-आठवीची मुले या प्रश्नावर तुटून पडतील याची मला खात्री आहे, कारण हे आकडे त्यांना आपल्याआधी पाठ असतात. एखाद्या चुणचुणीत विद्यार्थ्याने 'सांगाडा आम्लात विरघळला असेल' असे उत्तर दिले तर त्याला पूर्ण गुण द्यावेत. अंड्याचे कवच व्हिनेगरमध्ये टाकून ते वर्गात दाखवता येते, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून समुद्राचे पाणी आम्लतेकडे झुकत आहे, हा पुढचा तास आपोआप सुरू होतो.

आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी मुलांना ओहोटीला न्यावे. मुलुंड-घाटकोपरच्या पूर्वेला ठाण्याची खाडी जवळ आहे, पण तेथे चिखल आणि तिवरे. प्रवाळाच्या नातलगांना टेकायला खडक लागतो. अंधेरीकरांना जुहू आणि वांद्र्याचा खडकाळ किनारा जवळचा. तेथील डबक्यांत समुद्रफुले आणि झोअँथिड यांच्या वसाहती दिसतात. हे प्रवाळाचेच भाऊबंद, फक्त चुनखडीचा सांगाडा नसलेले. बोटभर लांबीचीही नाही अशी शुंडके पाण्यात उघडतात आणि सावली पडली की मिटतात. हात लावायचा नाही, खडक उलटायचा नाही, काही उचलायचे नाही, फक्त पाहायचे आणि वहीत चित्र काढायचे. चिकटलेल्या शेवाळावर पाय घसरतो, म्हणून सपाट तळव्यांच्या चपला नकोत.

'पोकेमॉन गो'मधला कोरसोला किनाऱ्यावर दिवसाच्या कोणत्याही वेळी अवतरतो, त्या खेळाला भरती-ओहोटी ठाऊक नाही. खऱ्या खडकांसाठी भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मुंबईला मोठी भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, त्यामुळे मोठी ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आगेमागे मिळते. पाणी सर्वांत खाली जाण्याच्या तासभर आधी पोचावे आणि वळल्याबरोबर निघावे. मुले दोन रांगांत.